महासत्तांच्या भांडणाची बातमी कशी वाचायची

पावसाळ्यात सांगलीतली शेंबडी पोरंसुद्धा आयर्विन पुलाचे आकडे सांगतात: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. जुनी माणसं मात्र पुलावर गर्दी करत नाहीत. कोयनेतून विसर्ग किती वाढवला, ते आधी विचारतात आणि भांडीकुंडी माडीवर चढवतात. अभ्यासिकेतल्या पोरांना मी अमेरिका-चीनच्या भांडणाच्या बातम्या अशाच वाचायला लावतो. पुढाऱ्याचं भाषण म्हणजे पुलाखालचं पाणी. वर धरणात काय चाललंय, ते बघायचं.

शाळेचा ॲटलास घ्या, शिसपेन्सिल आणि खोडरबर घ्या. दक्षिण चीन समुद्राचं पान उघडून मलाक्काच्या सामुद्रधुनीभोवती, म्हणजे मलेशिया आणि इंडोनेशियामधल्या जहाजांच्या अरुंद वाटेभोवती, गोल करा. सगळ्यांचा जीव तिथंच अडकलाय.

आता पहिला प्रश्न. कुणी कुणाला जागा दिली? फिलिपिन्सवर बोट ठेवा. 1991 मध्ये तिथल्या सिनेटनं अमेरिकेच्या तळाचा नवा करार फेटाळला आणि 1992 संपता संपता सुबिक बेमधून अमेरिकी आरमार निघून गेलं. तिथं ठिपका काढा आणि खोडा. 1995 मध्ये फिलिपिन्सजवळच्या मिसचीफ रीफ या प्रवाळ खडकावर चीनची बांधकामं दिसली. 2012 मध्ये तसाच दुसरा खडक, स्कारबरो शोल, हाही चीनच्या ताब्यात गेला. 2016 ला या समुद्राच्या वादात हेगच्या लवादानं कौल फिलिपिन्सच्या बाजूनं दिला, चीननं तो धुडकावला. म्हणजे सातबारा एकाच्या नावावर आणि नांगर दुसऱ्याचा. आपल्याकडं हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटी 2023 मध्ये त्याच फिलिपिन्सनं अमेरिकी सैन्याला आणखी 4 जागा खुल्या केल्या. आधीच्या 5 धरून 9. नव्या चारपैकी 3 उत्तर लुझोनमध्ये आहेत. तिथून तैवानपर्यंत पट्टी लावा, म्हणजे जागा तिथंच का, ते कळेल. आणि हो, आपलाही एक ठिपका काढा: 2022 च्या करारातली ब्राह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये तिथं पोचली.

विमानवाहू नौका मोजत बसू नका. पोरांना तेच आवडतं, पण त्यातून फारसं हाती लागत नाही.

त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारा: दोघांच्या मधले देश कुठं जेवतात? 2023 च्या सप्टेंबरात व्हिएतनामनं बायडेन यांना पाट मांडला, डिसेंबरात शी जिनपिंग यांना. हनोईला दोन्ही घरचं आवतण चालतं, तोवर त्या भागाची घडी टिकून आहे असं मी धरतो. एका घरी जेवलात तर दुसरीकडं फिरकू नका, असा दम कुणी भरला की वहीत तांबडी खूण करा.

तिसरं, फोन चालू आहे का? यात मी स्वतः फसलोय. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती पेलोसी तैवानच्या राजधानीत, तैपेईला गेल्या, चीननं तैवानभोवती क्षेपणास्त्रं डागली आणि मी वर्गात सांगून बसलो, "आठ दिवसांत पेटतंय." पेटलं नाही. पण चीननं अमेरिकेशी लष्करी बोलणी थांबवली, ही खरी बातमी मी आतल्या पानावर सोडून दिली होती. ती बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं ते नोव्हेंबर 2023 मध्ये, बायडेन आणि शी यांच्या कॅलिफोर्नियाच्या भेटीत. कोयना आणि अलमट्टीचे इंजिनिअर एकमेकांचे फोन उचलेनासे झाले, तर सांगलीत कुणाला झोप लागेल?

एक विद्यार्थी अजून विचारतो, "सर, पेटलं का?"

ठिपके पेनानं काढू नका. माझ्या ॲटलासातलं लुझोन खोडून खोडून फाटत आलंय.