फ्रेंच आडनावाचं मूळ आणि प्रसार कसा शोधावा

फ्रेंच आडनाव हाती आलं की बहुतेक जण आधी त्याचा अर्थ शोधायला धावतात. क्रम उलटा हवा. आधी नकाशा, मग तारखा, अर्थ सगळ्यात शेवटी. एकाच नावाला दोन प्रांतांत दोन वेगळी मुळं असू शकतात आणि त्यातलं आपलं कोणतं, हे ठिकाणावरून ठरतं. इथे उदाहरणादाखल मुख्यतः 'लफेव्र' हे नाव घेतलं आहे.

स्पेलिंगची यादी

देवनागरीत लिहिलेल्या नावावर शोध घेता येत नाही, रोमन स्पेलिंग मिळवावंच लागतं. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं बरेचदा मुकी असतात. 'थिबो' हा एकच उच्चार एल-टी, यू-टी किंवा यू-डी अशा वेगवेगळ्या शेवटांनी लिहिला जातो. लफेव्रच्या एका रूपात व्हीच्या आधी बी येतो, पण तो कोणी उच्चारत नाही. लोहार या अर्थाच्या 'फाबेर' या लॅटिन शब्दाशी नातं दिसावं म्हणून लेखनिकांनी तो घुसडला. जुन्या लिखाणात यू आणि व्ही सारखेच दिसत, त्यामुळे कोणीतरी ते नाव 'लफेब्यूर' असं वाचलं आणि ते वेगळं आडनाव होऊन बसलं. म्हणून बीसह, बीशिवाय, यू घालून, सुरुवातीचा 'ल' जोडून आणि तोडून, अशी सगळी रूपं आधीच लिहून काढा. नोंदवहीत आजोबा एका स्पेलिंगने आणि नातू दुसऱ्याने सापडणं ही रोजची गोष्ट आहे. नावातल्या 'द' वरून घराणं सरदारांचं ठरवू नका. तो बहुधा फक्त गाव सांगतो.

नकाशा

फ्रान्सची सांख्यिकी संस्था 'इन्से' हिची आडनावांची फाइल मोफत मिळते. एखाद्या आडनावाचे किती जण कोणत्या देपार्तमांत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मले याचे 1891 ते 2000 पर्यंतचे आकडे तिच्यात आहेत. नुसते आकडे मात्र फसवतात. पॅरिस आणि उत्तरेकडचा नोर जिल्हा इतके दाट वस्तीचे, की जवळजवळ प्रत्येक नाव तिथे 'जास्त' दिसतं. म्हणून प्रमाण काढा. समजा, एका जिल्ह्यातल्या 3,00,000 जन्मांत तुमच्या नावाचे 90 आहेत आणि दुसऱ्यातल्या 30,000 जन्मांत 60. पहिल्यात हजारी 0.3, दुसऱ्यात हजारी 2. मूळ शोधायचं तर दुसऱ्या जिल्ह्यापासून सुरुवात करा.

या फाइलचे तीन दोष लक्षात ठेवा. नावं अॅक्सेंटशिवाय (अक्षरांवरच्या उच्चारखुणांशिवाय), सगळी मोठ्या रोमन (कॅपिटल) अक्षरांत असतात, त्यामुळे काही वेगळी नावं एकत्र मोजली जातात. ज्या नोंदवहीवरून ती बनली ती 1940 च्या दशकात उभी राहिली, म्हणून त्याआधी मेलेल्यांचा मोठा भाग तिच्यात नाही आणि सुरुवातीच्या दशकांचे आकडे तोकडे आहेत. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, त्यामुळे जन्मस्थान म्हणून शेजारच्या मोठ्या शहराचं नाव लागतं. गावाच्या पातळीवर शोधताना अलीकडच्या नोंदींवर विसंबू नका.

जुन्या पिढ्यांची उणीव भरायला एक चांगली युक्ती आहे. फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाच्या 'मेमुआर देझॉम' या संकेतस्थळावर पहिल्या महायुद्धात मेलेल्या तेरा लाखांहून अधिक फ्रेंच सैनिकांची कार्डं आहेत. प्रत्येकावर जन्मतारीख आणि जन्मस्थान असतं. आडनाव टाका आणि जन्मस्थानं नकाशावर मांडा; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते नाव कुठे वसलेलं होतं याचं चित्र उभं राहतं. आल्झास आणि मोझेल मात्र 1871 ते 1918 जर्मनीकडे होते. तिथली मुलं जर्मन सैन्यातून लढली, म्हणून ती इथे सापडत नाहीत. 'श्मिट' सारखं नाव या यादीवरून दुर्मीळ ठरवलं तर चुकाल.

वंशावळींच्या संकेतस्थळांवरचे नकाशेही पाहा, पण तिथे एकच पूर्वज शेकडो वंशवृक्षांत पुन्हा पुन्हा मोजलेला असतो. गाव शोधायला ते उपयोगी आहेत, संख्या ठरवायला नाहीत.

नोंदवह्यांत उतरताना

जिल्हा ठरला की त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराचं संकेतस्थळ उघडा. थेट जन्मनोंदींत शिरू नका. आधी 'ताब्ल देसेनाल' म्हणजे दहा-दहा वर्षांच्या सूची चाळा. एका बैठकीत संपूर्ण शतकाचा अंदाज येतो. जन्म आणि विवाहाच्या नोंदी 75 वर्षांनी खुल्या होतात.

मागे जाताना हे टप्पे लागतात. 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्याने नोंदी चर्चकडून नगरपालिकांकडे आल्या. त्याआधी चर्चच्या वह्या. बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याचा हुकूम 1539 च्या व्हिलेर-कोतरेच्या फर्मानात आहे, विवाह आणि दफनाचा 1579 च्या ब्लुआच्या फर्मानात, आणि दोन प्रती करण्याचा 1667 मध्ये. हुकूम निघाला म्हणजे वह्या टिकल्या असं नाही; पुष्कळ गावांत सतराव्या शतकाआधीचं काहीच हाती लागत नाही. 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीतलं नावच वापरायचं बंधन आलं, तेव्हापासून स्पेलिंग बरंचसं स्थिरावतं. स्त्रीचा शोध नेहमी माहेरच्या नावाने घ्या, सरकारी नोंदीत तेच राहतं. 1793 ते 1805 मधल्या तारखा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगानुसार आहेत, रूपांतर करूनच टिपा.

पॅरिसमध्ये अडलात तर कारण बहुधा 1871 ची आग असेल. कम्यूनच्या, म्हणजे त्या वर्षी पॅरिसमध्ये बंडखोरांनी चालवलेल्या राजवटीच्या, अखेरच्या दिवसांत मूळ प्रत आणि दुसरी प्रत, दोन्ही वेगवेगळ्या इमारतींत असूनही जळाल्या. 1860 आधीच्या नोंदींचा काही भागच नंतर पुन्हा जुळवता आला.

आता अर्थ

फ्रेंच आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची: बापाच्या नावावरून (मार्तँ, बेर्नार), जागेवरून (द्युबुआ म्हणजे रानाजवळचा), धंद्यावरून (फूर्निए म्हणजे भट्टीवाला) आणि टोपणनावावरून (पती म्हणजे लहान). 'लरुआ' चा अर्थ राजा, पण त्या घरात राजा झाला असं कोणी समजू नये. स्पर्धेत वा उत्सवात 'राजा' ठरलेल्याला किंवा ऐटबाज माणसाला ते चिकटे.

नकाशाचं महत्त्व इथे कळतं. लोहाराचं नाव उत्तरेत लफेव्र, लांगदॉकमध्ये फाब्र, दोफिने आणि लिमुझँकडे फोर, साव्हुआत फाव्र, ब्रेतान्यमध्ये ल गॉफ, आल्झासमध्ये श्मिट. अर्थ एक, भाषा निरनिराळ्या. 'केर' ने सुरू होणारं नाव ब्रेतान्यकडे नेतं, 'एचेव्हेरी' बास्क प्रदेशाकडे, शेवटचा 'ई' स्वर बरेचदा कोर्सिकाकडे. नकाशा आणि शब्दाचं रूप जुळत नसेल, तर घराण्याने स्थलांतर केलं आहे किंवा तुमचा अर्थ चुकला आहे.

आडनावाचं 'अधिकृत' बोधचिन्ह विकणाऱ्यांपासून दूर राहा. चिन्ह कुटुंबाचं असतं, आडनावाचं नाही. 1696 मध्ये चौदाव्या लुईने करवसुलीसाठी नोंदणी सुरू केली तेव्हा कारागिरांच्याही नावे चिन्हं लावली गेली.

लोकप्रियता मोजताना

फ्रान्समधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव मार्तँ. पण सगळे मार्तँ एका घराण्याचे नाहीत. तूरच्या संत मार्तँमुळे हे नाव देशभर ठेवलं जाई, म्हणून ते शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे आडनाव झालं. अशा नावाचा नकाशा सपाट असतो आणि त्यावरून मूळ गाव शोधण्यात वेळ घालवू नये.

याच्या उलट कॅनडातला फ्रेंचभाषक प्रांत क्वेबेक. तिथलं सर्वाधिक आढळणारं 'त्राँब्ले' एका जोडप्यापासून आलं: पेर्श प्रांतातल्या राँदोनेहून 1647 मध्ये आलेला प्येर त्राँब्ले आणि त्याने 1657 मध्ये वरलेली ओझान आशाँ. नाव मुळात 'त्राँब्ल' या थरथरत्या पानांच्या झाडांच्या राईवरून. क्वेबेकमधला आकडा नावाचा जुनेपणा सांगत नाही, एका घराचा वंशविस्तार सांगतो. तिथे शोधताना 'दी' ने (म्हणजे 'ऊर्फ' ने) जोडलेली दुहेरी नावंही पाहा. सैनिकांना लष्करात दुसरं नाव मिळे, आणि पुढे काही मुलं पहिलं वापरत तर काही दुसरं. दोन्ही नावांनी शोध घेतला नाही, तर अर्धं घराणं हातातून निसटतं.