गोड सुगंधाच्या मेणबत्त्या आणि साबण घरी करताना

व्हॅनिला केक, कॅरमेल, चॉकलेट किंवा कुल्फी अशा नावांची सुगंधी तेले घेताना त्यांतील व्हॅनिलिनचे प्रमाण आधी विचारून घ्यावे, कारण बहुतेक गोड सुगंधांच्या तळाशी हेच द्रव्य असते आणि साबणाला तपकिरी रंग चढतो तो मुख्यतः त्याच्यामुळेच. स्वयंपाकघरातला खाण्याचा इसेन्स मात्र वापरू नये. तो बहुधा पाणी, अल्कोहोल किंवा प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये केलेला असल्याने मेणात मिसळत नाही.

मेणबत्तीचे काम त्यामानाने सोपे आहे. वितळलेले सोया मेण 75 ते 80 अंश सेल्सिअसवर असताना मेणाच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के, म्हणजे 200 ग्रॅमला 12 ते 16 ग्रॅम, तेल वजनकाट्यावर मोजून घालावे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळावे. प्रमाण वाढवले की सुगंध वाढतोच असे नाही. मेणात न सामावलेले तेल वर थेंबांच्या रूपाने सुटते आणि भडका उडण्याचा धोका निर्माण होतो. व्हॅनिलायुक्त जड तेलांनी वात कोंदते, म्हणून नेहमीपेक्षा एक क्रमांक जाड वात लावून पाहावी. ओतलेली मेणबत्ती एक-दोन आठवडे झाकून ठेवावी.

साबणात खरी परीक्षा असते. कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. चष्मा आणि हातमोजे हवेतच. कोल्ड प्रोसेस साबणात, म्हणजे बाहेरून उष्णता न देता तेले आणि सोड्याचे पाणी एकत्र करून केलेल्या साबणात, मूळ तेलांच्या वजनाच्या सुमारे 3 टक्के सुगंधी तेल पुरते, मात्र त्या तेलाच्या इफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध उद्योग संघटना) प्रमाणपत्रात साबणासाठी दिलेली मर्यादा ओलांडू नये. दालचिनी किंवा लवंगेची छटा असलेल्या तेलाने मिश्रण पाहता पाहता दगडासारखे घट्ट होऊ शकते, म्हणून ते सर्वांत शेवटी घालून यंत्राऐवजी हाताने ढवळावे.

तपकिरी रंग काही दिवसांत दिसू लागतो आणि साबण मुरण्याच्या चार ते सहा आठवड्यांत गडद होत जातो. पांढऱ्या रंगाने तो झाकण्यापेक्षा मांडणीतच सामावून घेणे मला अधिक पटते: मिश्रणाचा एक भाग सुगंधित करून खाली ओतावा आणि सुगंध नसलेला भाग सायीसारखा वर ठेवावा. कालांतराने सीमेवर रंग थोडा पाझरतो, तेवढे गृहीत धरावे.

घरात लहान मूल असेल तर पेढ्याच्या किंवा केकच्या आकाराचा साचा वापरूच नये. खाद्यपदार्थ समजून तोंडात जाऊ शकतील अशा धोकादायक वस्तूंच्या विक्रीवर युरोपात 1987 च्या निर्देशाने बंदी आली, ती याच कारणासाठी.