जंताचं औषध दिलं, तरी जनावर वाळतंय? या चुका टाळा

मुरबाड-शहापूरकडे भातकापणी उरकली की खाचरात गुरं सुटतात, घाटावरून आलेल्या मेंढ्याही बसतात. पुढं जनावर खंगलं की ठरलेलं उत्तर, "जंताचं इंजेक्शन दिलंय की!"

कसलं? आयव्हरमेक्टिन. ते गोल जंतांवर चालतं, यकृतातल्या चपट्या कृमींवर नाही. आणि आपल्याकडे खाचरातल्या, ओढ्याकाठच्या गोगलगाईंमुळे चपटे कृमीच जास्त छळतात. शहापूरकडच्या एका काकांच्या म्हशीला जबड्याखाली पाणी उतरलेलं, शेण पातळ. दुकानदार 'भारी आहे' म्हणाला म्हणून काका तेच इंजेक्शन पुन्हा पुन्हा टोचत राहिले. शेवटी शेण तपासलं, तर चपट्या कृमींची अंडी! ऑक्सिक्लोझानाईड पाजल्यावर सूज उतरली, पण त्या वेतात दूध काही वाढलं नाही. हे औषध मोठे कृमीच मारतं, पिल्लं वाचतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा परत पाजावं लागतं. डबीभर ताजं शेण दवाखान्यात न्यायला लोकांना कसला कमीपणा वाटतो, देव जाणे.

वजन अंदाजपंचे धरू नका. कमी डोसात जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. मी छातीला टेप लावून घेरावरून वजन काढतो.

जीभ ओढून, मान उंच करून बाटली ओतू नका, औषध फुफ्फुसात जातं.

गाभण जनावराला सुरुवातीच्या महिन्यांत अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको.

मेंढीची खालची पापणी ओढून बघत जा. पांढुरकी दिसली तर रक्त कमी झालंय, तपासणी लांबवू नका.

आता गोचीड. ठाण्याहून शनिवार-रविवार येणारे हौशी गोपालक गाईवर फवारणी करतात आणि गोठा विसरतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गाईवर राहतच नाही. ती खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. पुढच्या खेपेला गाय पुन्हा गोचिडांनी भरलेली दिसते, मग "औषधच डुप्लिकेट" म्हणत डबल डोस! त्यानं गाय लाळ गाळते, थरथरते. भेगेतली अंडी तशीच. मी आधी चारा बाहेर काढतो, भेगांवर फवारा मारतो, मग सिमेंटनं बुजवतो. गाईवरची फवारणी नंतर, सकाळी, तिला पोटभर पाणी पाजून, म्हणजे ती ओलं अंग चाटत नाही. ओढून काढलेली गोचीड तिथंच टाकायची नाही, रॉकेलच्या डबीत.

आणि औषधानंतर दूध किती दिवस विकायचं नाही, ते बाटलीवर छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा.