सुट्टीचा प्रवास: घर सोडण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

सुट्टीच्या प्रवासात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं निघण्याआधीच बिघडलेलं असतं. विमानतळावर, स्टेशनवर किंवा हॉटेलच्या काउंटरवर ते फक्त उघडकीला येतं. मूळ शोधत गेलं तर बहुतेक वेळा एकच कारण हाती लागतं: कार्यक्रम इतका ठासून भरलेला असतो की त्यात काहीही चुकायला जागाच उरत नाही. आणि पर्यटक म्हणून आपण एखाद्या गावाला, किनाऱ्याला जो त्रास देतो, तोही बराचसा याच घाईतून. म्हणून सोप्या प्रवासाचे सल्ले एकीकडे आणि जबाबदार प्रवासाचे दुसरीकडे, अशी वाटणी इथे केलेली नाही.

सहा दिवसांत पाच शहरं

नकाशावर दोन शहरांमध्ये दोन तासांचं अंतर दिसतं आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी सामान आवरायचं, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडीची वाट बघायची, उतरल्यावर नवं हॉटेल शोधायचं, आणि खोली दुपारी तीनशिवाय मिळत नाही म्हणून तोवर बॅगा कुठे ठेवायच्या याची चौकशी करायची. दोन तासांच्या प्रवासाला अर्धा दिवस सहज जातो. असे मुक्काम चार वेळा हलवले की सहातले दोन दिवस बॅगा ओढण्यातच संपले.

जागांची यादी मनसोक्त करा, मग त्यातली निम्मी निर्दयपणे कापा. एका ठिकाणी किमान तीन रात्री राहायचं, आजूबाजूचं तिथूनच फिरून यायचं. यात पैसे वाचतात, तिकिटं कमी काढावी लागतात आणि एखाद्या दिवशी पाऊस लागला किंवा पोट बिघडलं तरी सगळा बेत कोसळत नाही.

गावकऱ्यांनाही हाच पाहुणा परवडतो. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते लावलं सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना. शहरात रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. तासाभरात फोटो काढून निघून जाणारा पाहुणा रस्ते अडवतो, कचरा करतो आणि गावात खर्च मात्र फारसा करत नाही. रात्र काढणारा माणूस गर्दी ओसरल्यावरचं गाव बघतो, म्हणजे खरं तर जे बघायला तो इतक्या लांब आलेला असतो तेच.

मध्यरात्रीच्या तिकिटाचा घोळ

ही चूक हुशार माणसंही करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिकिटावर तारीख १५ आणि वेळ ००:२०. माणूस १५ तारखेला दिवसभर आवराआवर करतो, रात्री नऊला विमानतळावर पोचतो आणि तिथे कळतं की विमान वीस तासांपूर्वीच उडालं. १५ तारखेचे ००:२० म्हणजे १४ तारखेची रात्र उलटून वीस मिनिटं. घरातून निघायचं १४ तारखेला. तिकीट काढल्याबरोबर कॅलेंडरमध्ये सुटण्याच्या वेळेऐवजी 'घरातून निघायची वेळ' लिहून ठेवली, तर हा घोळ होत नाही.

त्याचंच जुळं भावंड हॉटेलच्या बुकिंगमध्ये असतं. विमान १५ तारखेला पहाटे दोनला उतरणार आणि खोली १५ पासून घेतलेली. मग पहाटे तीन ते दुपारी तीन लॉबीतल्या सोफ्यावर. अशा वेळी खोली १४ च्या रात्रीपासून घ्यावी आणि हॉटेलला 'पहाटे येतोय' असं लेखी कळवावं. नाही कळवलं तर पाहुणा आलाच नाही असं समजून अख्खं बुकिंग रद्द करणारी हॉटेलंही आहेत.

तारखेचा आणखी एक सापळा: अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०३/०४ म्हणजे तिथे ४ मार्च, इतर बहुतेक ठिकाणी ३ एप्रिल. परदेशी संकेतस्थळावर बुकिंग करताना महिन्याचं नाव अक्षरांत दिसेल तिथे नजर टाकूनच पैसे भरा.

स्वस्त तिकीट, महाग गाठ

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास आखला की स्वस्त पडतो, हे खरं. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एकाच तिकिटावरचा जोडप्रवास असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये भरपूर तास सोडा, शक्य तर एक रात्र. सामान पुन्हा ताब्यात घ्यावं लागेल आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागेल, म्हणजे कदाचित व्हिसाही, हेही आधीच तपासा.

विमानतळाचं नाव नीट वाचा. लंडनच्या नावाखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे कितीतरी येतात. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. टोकियोत एक विमान नारिताला उतरणारं आणि दुसरं हानेदाहून सुटणारं असेल, तर मधलं शहर पार करायला लागणारा वेळ तुमचा तुम्हीच धरायचा.

परतीच्या तिकिटाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. जाण्याचा टप्पा न वापरता रस्त्याने गेलात, तर अनेक कंपन्या त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, आपोआप रद्द करतात. बेत बदलला असेल तर विमान सुटण्याआधी कंपनीला कळवायचं, नंतर नाही.

जवळच्या अंतराला रेल्वे असेल तर ती घ्या. विमान सर्वाधिक जोर लावून इंधन जाळतं ते उड्डाण करताना आणि उंची गाठताना, त्यामुळे छोट्या हवाई प्रवासात दर किलोमीटरमागे प्रदूषण जास्त होतं. रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं फ्रान्सने २०२३ मध्ये कायद्यानेच बंद केली. लांबच्या प्रवासातही दोन ठिकाणी थांबणाऱ्या विमानापेक्षा थेट विमान दोन्ही अर्थांनी बरं: इंधन कमी जळतं आणि बॅग हरवायच्या जागाही कमी होतात.

पासपोर्टची मुदत आणि नावातलं एक अक्षर

पासपोर्ट अजून चार महिने चालणार आहे, मग अडचण काय? अडचण ही की बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देशांमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तिथून बाहेर पडण्याच्या तारखेपुढे किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. हे काउंटरवर कळलं तर त्या दिवशी काहीही करता येत नाही, तिकिटाचे पैसेही बहुधा जातात. सुट्टीचा विचार डोक्यात आला की पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून बघा, मुलांचा तर नक्कीच. त्यांच्या पासपोर्टची मुदत अनेक देशांत मोठ्यांपेक्षा कमी असते.

तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर बदललेलं आडनाव, गाळलेलं मधलं नाव, आडनाव आणि नावाची अदलाबदल: चूक बुकिंगच्या दिवशी लक्षात आली तर बहुतेक वेळा सहज दुरुस्त होते, शेवटच्या दिवशी कळली तर नवं तिकीट काढायची पाळी येते.

बॅगेत काय, कुठे

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकणं ही रोज घडणारी चूक. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण पेट घेतलाच तर तिथे माणसं तो विझवू शकतात. मर्यादा १०० वॉट-तासांची. हिशेब सोपा: मिलिअँपिअर-तासांना हजाराने भागायचं आणि बॅटरीच्या व्होल्टने, म्हणजे बहुधा ३.७ ने, गुणायचं. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, चालते. ३०,००० ची १११ होते, तिला कंपनीची परवानगी लागते. क्षमतेचा छापा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. २०२५ पासून बऱ्याच विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली आहे, त्यामुळे फोन घरूनच भरून न्या.

औषधांच्या बाबतीत 'साधी सर्दीची गोळी तर आहे' असं म्हणून चालत नाही. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं नेता येत नाहीत; कोडीन (काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांतला घटक) असलेल्या औषधांवर कित्येक देशांत कडक बंधनं आहेत. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत. तीही लागणाऱ्या दिवसांपेक्षा थोडी जास्त.

कपड्यांबद्दल फार सांगायची गरज नाही. जेवढे काढून ठेवलेत त्यातले एक तृतीयांश कपाटात परत ठेवा. बॅग उचलून घरातला एक जिना चढून बघा, उत्तर मिळेल.

फोटोपुरतं गाव

जपानमधल्या फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी पर्वत दिसतो, त्या एकाच फोटोसाठी इतकी झुंबड उडायची की लोक वाहत्या रस्त्यात उभे राहायचे आणि शेजारच्या आवारात घुसायचे. २०२४ च्या मे महिन्यात गावाने तिथे अडीच मीटर उंच काळी जाळीच लावून टाकली. थायलंडची माया बे २०१८ मध्ये बंद करावी लागली, कारण बोटी आणि माणसांच्या गर्दीने तिथलं प्रवाळ उद्ध्वस्त झालं होतं. २०२२ च्या जानेवारीत ती पुन्हा उघडली, पण बोटींना आता खाडीत शिरता येत नाही. जागा बंद झाली की नियम पाळणाऱ्यांची सुट्टीही बुडते. गर्दीची जागा बघायचीच असेल तर सकाळी उघडताच किंवा शेवटच्या तासात जा आणि वेळेचं तिकीट आधी काढा. लोकांच्या दारात, पायरीवर, खिडकीसमोर उभं राहून फोटो काढू नका. तुमच्या घरासमोर कोणी रोज असं केलं तर तुम्ही काय म्हणाल तेच ते म्हणत असतात, फक्त ती भाषा तुम्हाला कळत नाही.

'किनाऱ्यावरची मूठभर वाळू, दोन शंख' हेही तसंच. इटलीच्या सार्डिनिया बेटावर वाळू नेण्यास २०१७ पासून कायद्याने बंदी आहे. २०१९ मध्ये एक फ्रेंच जोडपं गाडीत बाटल्यांमध्ये सुमारे ४० किलो वाळू भरून निघालेलं पकडलं गेलं. प्रवाळ, कासवाचं कवच, हस्तिदंत, सापाच्या कातड्याच्या वस्तू दुकानात उघड विकल्या जात असल्या तरी सीमेवर त्या जप्त होतात आणि खटलाही होऊ शकतो, कारण धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स करारात १८० हून अधिक देश आहेत. 'दुकानदाराने सांगितलं चालतं' हा बचाव तिथे टिकत नाही.

सनस्क्रीनची बाटली उलटून घटक वाचा. ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे, पलाऊने २०२० पासूनच अशी प्रवाळाला घातक सनस्क्रीनं रोखली. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हा त्याहून सोपा उपाय, पाण्यात विरघळत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत माझा नियम एवढाच: जंगली प्राणी मिठी मारू देत असेल, पाठीवर बसू देत असेल किंवा फोटोला शांत बसत असेल, तर त्याच्यासोबत आधी काहीतरी वाईट झालेलं आहे. पैसे देऊ नका.

उंचीशी घाई चालत नाही

डोंगरात जाणाऱ्यांसाठी हे कानात बसवून घ्यायचं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकं दुखतंय, मळमळतंय तरी 'उद्या बरं वाटेल' म्हणून वर चढत राहणं जिवावर बेतू शकतं. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

तरीही बिघडलंच तर

बॅग आली नाही किंवा फुटून आली: सामानाच्या पट्ट्यापासून हलू नका. तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग बाहेर पडा. १९९९ चा माँट्रिअल करार लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचं नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशीर झाला असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मुदत उलटली की हक्क जातो. निघण्याआधी उघड्या बॅगेचा आणि बंद बॅगेचा एकेक फोटो काढलेला असेल तर अशा वेळी कामाला येतो. जुन्या प्रवासाचे बारकोड स्टिकरही काढून टाका, त्यांनी बॅग भलत्याच ठिकाणी जाऊ शकते.

विमान रद्द झालं तर रांगेत उभं राहा आणि त्याच वेळी फोनवरून, ॲपवरूनही प्रयत्न करा. जिथे आधी जागा मिळेल ती घ्या. 'परतावा देतो' म्हटल्यावर लगेच हो म्हणू नका. परतावा घेतला की तुम्हाला पोचवण्याची कंपनीची जबाबदारी सहसा संपते आणि त्या दिवशीचं नवं तिकीट मूळ किमतीत मिळत नाही.

परदेशात कार्ड यंत्रावर 'तुमच्या चलनात की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक निवडा. दुसरा पर्याय दिसायला सोयीचा, दर मात्र जवळपास नेहमीच वाईट.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, त्या कागदाची प्रत घेऊन आपला दूतावास. पासपोर्टच्या पानांचे फोटो ईमेलवर आणि सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये आधीच ठेवलेले असले तर हे काम खूप हलकं होतं. दूतावास शनिवार-रविवारी आणि दोन्ही देशांच्या सुट्ट्यांना बंद असू शकतो, त्यामुळे तातडीचा फोन क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्या, कागदावर.