मराठीच्या वाटेने जपानी : नवख्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

पुण्यात जपानी शिकायला येणाऱ्या मुलामुलींची पहिली तक्रार ठरलेली असते, ती म्हणजे ही भाषा उलटी आहे. क्रियापद शेवटी येते, नकार त्याच्याही मागे येतो, माणसे मोजायला एक शब्द आणि पेन्सिली मोजायला दुसरा, शिवाय एकेका चिन्हाचे चार-चार उच्चार. ही तक्रार मी वर्गात शिकवताना ऐकते आणि कारखान्यांत दुभाषी म्हणून काम करताना नव्या सहकाऱ्यांकडूनही ऐकते. माझ्या मते तिचे मूळ जपानी भाषेत नसून पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी पुस्तके इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. इंग्रजी बोलणाऱ्याला जे चमत्कारिक वाटते ते त्यांत चमत्कारिक म्हणूनच मांडलेले असते, आणि मराठी विद्यार्थी स्वतःच्या तोंडी रोज असलेली रचना परकी समजून घोकत बसतो. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून एकच आग्रह असतो. एखादा नियम विचित्र वाटला, तर हेच आपण मराठीत कसे म्हणतो, हे आधी स्वतःला विचारावे.

सुरुवात लिपीपासून करू. हिरागाना या जपानी अक्षरमालेचा तक्ता पाठ करताना विद्यार्थी आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा ही ओळ अर्थहीन क्रम म्हणून पाठ करतात. तो अर्थहीन नाही. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासाबरोबर भारतीय वर्णमालेची जी व्यवस्था जपानमध्ये नेली, तिच्याच आधारावर हा क्रम उभा आहे. 'सा'च्या जागी 'च' आणि 'हा'च्या जागी 'प' ठेवून पाहिले, तर क, च, त, न, प, म, य, र, व अशी आपली ओळख असलेली ओळ समोर येते. आजच्या 'हा'चा उच्चार प्राचीन जपानीत 'पा' होता, हे कळले की उरलेली शंकाही फिटते. स्वरही आ, इ, उ, ए, ओ याच क्रमाने येतात.

उच्चारांतही मराठी माणसाच्या पदरात बरेच काही आधीच असते. 'त्सु' हा उच्चार अनेकांना जड जातो. 'चूक' आणि 'चोर' यांतला दंत्य च ज्याच्या जिभेवर आहे त्याला तो मुद्दाम कमवावा लागत नाही. जपानी लिपीतला स्वतंत्र 'न्' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, 'शिंबुन' या शब्दात म्, 'गेंकी'त ङ् आणि 'हंताइ'मध्ये न्, हे पुस्तकात पानभर समजावलेले असते. आपला अनुस्वार आंबा, अंक आणि अंत या शब्दांत नेमके हेच करतो.

एका ठिकाणी मात्र मराठी कान दगा देतो, आणि तेथे सुरुवातीलाच मेहनत घ्यावी. दिन आणि दीन अशा मोजक्या तत्सम जोड्या सोडल्या, तर आपल्या बोलण्यात इ-उ ऱ्हस्व की दीर्घ यावर शब्दाचा अर्थ अवलंबून नसतो. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आपल्याला लिहितानाच पडतो. जपानीत 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा. रोज थोडा वेळ अशा जोड्या मोठ्याने वाचाव्यात, आणि दीर्घ स्वरासाठी हाताने टाळी देऊन एक मात्रा जास्त मोजावी.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे येते. जपानीत क्रियापदाचे 'ते' रूप करून त्याला दुसरे क्रियापद जोडतात आणि त्या जोडीतून मूळ क्रियेला वेगळी छटा येते. पुस्तकांत ही प्रत्येक जोडी स्वतंत्र धडा म्हणून येते आणि विद्यार्थी तिथेच दमतात. पण 'ताबेते मिरु' म्हणजे अक्षरशः 'खाऊन बघणे', 'किप्पु ओ कात्ते ओकु' म्हणजे 'तिकीट काढून ठेवणे', 'मोत्ते इकु' म्हणजे 'घेऊन जाणे' आणि 'मोत्ते कुरु' म्हणजे 'घेऊन येणे'. जपानीतले 'ओकु' हे क्रियापद एरवी 'ठेवणे' याच अर्थाचे आहे आणि 'मिरु' हे 'बघणे' याच अर्थाचे आहे. 'शिमाऊ' लावले की कधी क्रिया पुरती संपल्याचा भाव येतो, कधी हळहळीचा. मराठीत या दोन छटा आपण दोन क्रियापदांत वाटून घेतल्या आहेत. डबा संपवला तर आपण 'खाऊन टाकला' म्हणतो, आणि नको ते हातून घडले तर 'करून बसलो' म्हणतो. हे एकदा लक्षात आणून दिले की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण केव्हा कोणते क्रियापद जोडायचे याची जाण त्यांच्याकडे लहानपणापासून असते. घरातून निघताना आपण 'जाते' असे म्हणत नाही, 'येते' म्हणतो. जपानी माणूस त्याच वेळी 'इत्ते किमासु', म्हणजे 'जाऊन येते', म्हणतो आणि घरातले त्याला 'जाऊन या' अशा अर्थाचे उत्तर देतात.

लांब वाक्यांचेही तसेच आहे. 'वाताशि गा किनो कात्ता होन' याचा अर्थ लावताना विद्यार्थी मनात आधी इंग्रजी करतात, मग ते उलटे फिरवतात, आणि मधल्या मध्ये वाक्याचा धागा हरवतो. 'मी काल विकत घेतलेले पुस्तक' असे सरळ वाचले तर शब्दांचा क्रमही हलवावा लागत नाही. वाचनाच्या परीक्षेत नामाआधी लांबलचक विशेषण आले की मनात '-लेला, -लेली, -लेले' धरून वाचावे. वेळ वाचतो आणि अर्थही चुकत नाही.

मोजण्याच्या शब्दांची भीती अशीच अनाठायी आहे. एक माणूस 'हितोरी', दोन माणसे 'फुतारी', आणि तीनपासून पुढे 'निन' हा प्रत्यय लावून नियमित रूपे. आपणही दोघे, तिघे, चौघे म्हणतो आणि पुढे पाच जण, सहा जण म्हणू लागतो. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांची जपानी नावे सुटी पाठ करावी लागतात, पण ज्यांच्या घरात पाडवा, बीज, चतुर्थी, पंचमी ही नावे सहज घेतली जातात त्यांना ही कल्पना नवी नाही. पहिल्या तारखेचे 'त्सुइताची' हे नाव तर चंद्र उगवण्यावरूनच आले आहे. लांबट वस्तूंसाठी इप्पोन, निहोन, साम्बोन असे बदलणारे उच्चार मात्र पाठच करावे लागतात. त्याला दुसरा उपाय नाही.

कांजींबद्दल, म्हणजे चीनमधून आलेल्या चिन्हांबद्दल, प्रत्येक जण घाबरवतो. जपान सरकारने २०१० साली सुधारलेल्या नित्योपयोगी कांजींच्या यादीत २,१३६ चिन्हे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच चिन्हांना एक देशी आणि एक चिनी वळणाचा असे निदान दोन उच्चार आहेत. पाण्याच्या चिन्हाचा उच्चार ते एकटे असताना 'मिझु' होतो, आणि पोहणे या अर्थाच्या जोडशब्दात 'सुइएइ' असा त्याचा 'सुइ' होतो. विद्यार्थी विचारतात की एकाच चिन्हाला दोन उच्चार कशाला. आपण ग्लासातल्या पाण्याला पाणी म्हणतो आणि पोहण्याच्या स्पर्धेला जलतरण स्पर्धा म्हणतो. सुटा शब्द हात असतो आणि जोडशब्द हस्ताक्षर असतो. घरचा शब्द एकटा वावरतो आणि विद्वत्तेच्या भाषेतून आलेला शब्द जोडशब्दात शिरतो, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे, फक्त जपानी लोक दोन्ही शब्द एकाच चिन्हाने लिहितात. म्हणून कांजीचे उच्चार सुटे पाठ करू नयेत. प्रत्येक उच्चार एखाद्या शब्दासकट लिहावा आणि शेजारी त्याचा तत्सम किंवा तद्भव मराठी जोडीदार लिहावा. वारांची नावे लिहिताना तर फारसे कष्टच पडत नाहीत, कारण तिथेही रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हाच क्रम आहे आणि मंगळवाराच्या नावात जे चिन्ह आहे तेच मंगळ ग्रहाच्या नावातही आहे.

नोकरीत शिरल्यावर ज्याचा अनपेक्षित उपयोग होतो ते म्हणजे ध्वन्यनुकारी शब्द. वर्गात हा भाग शेवटच्या बाकावर टाकला जातो, कारखान्यात तो पहिल्याच दिवशी लागतो. जपानी तज्ज्ञ यंत्रापाशी उभा राहून 'गातागाता' म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय ऐकू येते आहे हे शब्दकोशात शोधत बसण्यापेक्षा ऑपरेटरला 'खडखड वाजतंय' असे सांगितले की तो थेट योग्य पट्टीला हात घालतो. दवाखान्यात एखाद्या पाहुण्याबरोबर जावे लागले तर 'झुकिझुकि' म्हणजे ठणकणे आणि 'हिरिहिरि' म्हणजे चुरचुरणे, हा फरक डॉक्टरांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. मराठीत या प्रत्येक वेदनेला स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याला येथे नुसत्या 'दुखण्या'वर भागवावे लागते. हे शब्द वेगळ्या वहीत लिहावेत, आणि समोर मराठी शब्द लिहिल्याशिवाय पुढच्या शब्दाकडे जाऊ नये.

जिथे मराठी आपल्याला चुकीच्या दिशेला नेते, त्या जागा थोड्या आहेत, पण नोकरीत त्याच सर्वांत महाग पडतात. पहिली जागा देण्याघेण्याची. मराठीत 'मी तुम्हाला लिहून देते' हे वाक्य नम्र आहे. त्याचे शब्दशः 'काइते आगेमासु' केले आणि ते पाहुण्यासमोर किंवा वरिष्ठांसमोर म्हटले, तर आपण उपकार करत आहोत असा सूर लागतो. तिथे 'ओकाकी शिमासु' असे विनम्र रूप वापरायचे. उलट बाजूने, तानाकासान ('सान' हे नावामागे लावायचे आदराचे पद) यांनी मला समजावून सांगितले हे सांगताना नुसते 'सेत्सुमेइ शिमाशिता' म्हटले तर व्याकरण बरोबर असते, पण त्यांनी माझ्यासाठी तसदी घेतली याची दखल राहून जाते. 'सेत्सुमेइ शिते कुरेमाशिता' म्हणावे लागते. मराठीत क्रियापदावरून आणि सर्वनामावरून कोणी कोणासाठी काय केले हे कळते; जपानीत सर्वनामे बहुधा गाळली जातात, आणि ती माहिती 'आगेरु' (दुसऱ्याला देणे), 'कुरेरु' (मला देणे), 'मोराऊ' (दुसऱ्याकडून घेणे) या तीन क्रियापदांवर सोपवलेली असते. त्यांचा सराव करताना वाक्यातला माणूस काढून टाकून दिशा ओळखायची सवय करावी.

दुसरी जागा आदराची. आपल्याकडे साहेबांचा उल्लेख कोणासमोरही केला तरी 'साहेब बसले आहेत' असाच होतो. जपानीत बाहेरच्या कंपनीच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीतली सर्वांत वरिष्ठ व्यक्तीही आपल्या बाजूची ठरते आणि तिच्यासाठी आदरार्थी रूप वापरत नाहीत. पाहुण्याने देशमुख आहेत का असे विचारले, तर 'देशमुख-सान वा इराश्शाइमासु' असे नव्हे, 'देशमुख वा ओरिमासु' असे सांगायचे. आपल्या साहेबांचे नाव असे 'सान' न लावता घ्यायला मराठी जीभ धजत नाही, म्हणून ही वाक्ये आधी घरी मोठ्याने म्हणून ठेवावीत.

बैठकीत जपानी पाहुणे 'केंतो शिमासु' म्हणाले तर आपल्या 'बघू, कळवतो' या उत्तरात जो सूर असतो तोच पुष्कळदा त्यात असतो. दुभाष्याने मात्र ते 'विचार करतो' असेच पोहोचवावे. सुराबद्दलचे आपले मत आपल्या लोकांना बैठकीनंतर बाजूला सांगावे. नकारार्थी प्रश्नाला 'हाइ' असे उत्तर आले, तर 'हो' म्हणून मोकळे होऊ नये. 'बोल्ट आवळला नाही का?' या प्रश्नाला 'हाइ' म्हणजे 'बरोबर, आवळलेला नाही', आणि एवढे पूर्ण वाक्य बोलण्याची शिस्त दुभाष्याने कधीही सोडू नये.

आकड्यांची तयारी वेगळी करावी. जपानी लोक दहा हजारांच्या 'मान' या एककाने पुढे मोजतात. 'ज्यूमान' म्हणजे एक लाख, 'ह्याकुमान' दहा लाख, 'इस्सेन्मान' एक कोटी आणि 'इचिओकु' दहा कोटी. त्यात टेबलाच्या एका बाजूने मिलियन आले की चांगल्या चांगल्यांची धांदल उडते. या पाच रूपांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर असावा, आणि पैशांचा आकडा तोंडी सांगितल्यावर तो कागदावर लिहून दोन्ही बाजूंना दाखवावा. अनुभवी दुभाषीही हे करतात आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

परीक्षेबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा १९८४ पासून घेतली जाते आणि २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. जुलै आणि डिसेंबर अशा वर्षातून दोन संधी असतात. एन-१ साठी १८० पैकी १०० गुण लागतात, पण त्याबरोबर प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ गुण मिळवावे लागतात, त्यामुळे श्रवणाकडे दुर्लक्ष करून व्याकरणावर तरून जाता येत नाही. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. नोकरीच्या मुलाखतीत मात्र सगळी परीक्षा बोलण्याचीच होते, आणि वरच्या पातळीचे प्रमाणपत्र हातात असूनही अनेक जण तिथे अडतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिका, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिका किंवा खासगी वर्गात शिका, पहिल्या वर्षापासून आठवड्यातून एकदा तरी दोघांनी मिळून तोंडी अनुवाद करावा. एकाने मराठीत चार वाक्ये बोलावीत, दुसऱ्याने ती जपानीत सांगावीत, मग अदलाबदल करावी. सरावासाठी मराठीच घ्यावी, इंग्रजी नको, कारण कारखान्यातला ऑपरेटर, सुपरवायझर आणि स्टोअरमधला माणूस तुमच्याशी मराठीतच बोलणार आहे.