नाट्यवर्गाचा लेखी पेपर : या चुका टाळा

वर्गात केलेल्या प्रात्यक्षिकांवर आधारित लेखी पेपरमध्ये रंगमंचावर उत्तम काम करणारे विद्यार्थीही मागे पडतात. याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ते प्रसंगाची गोष्ट सांगत बसतात आणि स्वतः काय केले ते सांगायचे राहून जाते.

समजा, सोलापुरातील एखाद्या वर्गाने १९३० च्या मार्शल लॉवर (ब्रिटिशांनी शहरात लागू केलेल्या लष्करी कायद्यावर) उत्स्फूर्त नाट्यप्रसंग बसवला आहे आणि प्रश्न आहे, ‘तुमच्या भूमिकेतील ताण तुम्ही कसा दाखवला?’ विद्यार्थी मार्शल लॉची हकीकत सांगतो, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चारही हुतात्म्यांची नावे लिहितो आणि पान भरतो. माहिती अचूक असली तरी ते उत्तर इतिहासाच्या पेपरमध्ये शोभले असते. येथे अपेक्षा असते ती अशा मजकुराची : ‘सदऱ्याखाली झेंडा लपवलेल्या गिरणी कामगाराची भूमिका करताना मी उजव्या विंगेतून पाठमोरा आलो, एक हात छातीवर घट्ट धरून ठेवला आणि शिपायाच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मुद्दाम थांबलो, त्या थांबण्यामुळे तो आता पकडला जाणार, असे प्रेक्षकांना वाटले.’ यात कृती आहे, तिचे कारण आहे आणि तिचा परिणामही आहे. यांपैकी एक जरी गळले, तरी उत्तर अपुरे ठरते.

‘भावपूर्ण’, ‘प्रभावी’, ‘मनापासून’ ही विशेषणे परीक्षकाला काहीच दाखवत नाहीत. असा शब्द लिहिला गेला, तर भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातील भावाने शरीरावर उमटणाऱ्या लक्षणांचा) या चार अभिनयप्रकारांपैकी आपण नेमके कशाबद्दल बोलत आहोत, हे स्वतःला विचारावे. सात्त्विक अभिनयाची सर्वाधिक गल्लत होते; तेथे स्वरभंग, कंप, अश्रू अशी दिसणारी किंवा ऐकू येणारी लक्षणे लिहावीत. वाचिक अभिनयात तर सोलापूरच्या विद्यार्थ्याकडे भरपूर सामग्री असते. मराठी, कन्नड आणि तेलुगू कानावर पडणाऱ्या शहरात पात्राच्या बोलीसाठी कोणता हेल घेतला, कोणता टाळला आणि का, हे लिहिणे त्याला जड जाऊ नये. तरीही बहुतेक उत्तरांत ‘आवाजात चढउतार केले’ एवढेच असते.

रंगमंचाच्या आकृतीतील डावे-उजवे हमखास उलटे होते. रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू. कागदाच्या तळाशी आधी ‘प्रेक्षक’ असे लिहिले, की ती कागदावर डावीकडे येते.

भूमिकेशी एकरूप होण्यावर भर देणारे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की किंवा प्रेक्षकाने वाहून न जाता विचार करावा असे मानणारे जर्मन नाटककार ब्रेख्त यांचे नाव केवळ वजनासाठी घालू नये. पात्र बाजूला ठेवून नटाने थेट प्रेक्षकांना पुढची घटना सांगितली असेल, तर ब्रेख्तचा उल्लेख योग्य ठरतो. आधी कृती लिहावी, नाव नंतर. तसेच ‘आम्ही ठरवले’ या वाक्याने तुमचा वाटा कळत नाही.

मुळात या चुका तालमीची वही न ठेवल्यामुळे होतात. ज्या दिवशी तालीम झाली, त्याच संध्याकाळी काय बदलले आणि का, हे चार ओळींत लिहावे. परीक्षा तोंडावर आली आणि वही कोरीच असेल, तर तयार उत्तरांच्या मागे लागू नये. त्याऐवजी गटातील सहकाऱ्यांना जमवून तो प्रसंग संवाद न बोलता, केवळ हालचालींनी पुन्हा उभा करावा, कारण विसरलेल्या जागा पाठांतरापेक्षा शरीराला लवकर आठवतात. आणि त्या आठवल्या की तेथेच बसून लिहून काढाव्यात.