नॅशव्हिलची रात्र ब्रॉडवेच्या पलीकडेही ऐकावी

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरात कंट्री संगीतासाठी (अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांसाठी) जाणाऱ्यांनी लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरील हाँकी-टाँक बार, म्हणजे हे संगीत प्रत्यक्ष गायले-वाजवले जाणारी मद्यालये, शक्यतो दुपारीच पाहावेत, कारण तिथे गाणे सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चालते, बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसते आणि दुपारी मंचाजवळ निवांत बसता येते. कलाकारांची कमाई मुख्यत्वे श्रोत्यांच्या टिपवर अवलंबून असल्यामुळे सुटे डॉलर जवळ ठेवावेत, आणि फर्माईश केल्यास ते अवश्य द्यावेत.

संध्याकाळ मात्र या गर्दीपासून दूर घालवावी. ग्रीन हिल्समधील ब्लूबर्ड कॅफे हे १९८२ पासूनचे छोटेसे ठिकाण आहे. तिथे गीतकार खोलीच्या मधोमध गोलाकार बसून आपली गाणी आणि त्यांमागच्या हकिकती ऐकवतात, आणि श्रोत्यांनी कुजबुजही करू नये ही तिथली अपेक्षा मला आपल्याकडील खासगी बैठकीच्या शिस्तीइतकीच रास्त वाटते. जागा मोजक्या असल्याने आरक्षण आधीच पाहावे. ब्लूग्रासची, म्हणजे बँजो-फिडलसारख्या तंतुवाद्यांवरच्या कंट्री शैलीची, आवड असलेल्यांनी गल्च भागातील स्टेशन इन हे संगीताचे ठिकाण गाठावे.

कंबरलँड नदीपलीकडच्या ईस्ट नॅशव्हिलमध्ये फाइव्ह पॉइंट्सच्या चौकाभोवती पायी हिंडता येते, परंतु एका वस्तीतून दुसरीकडे जाण्यासाठी रात्री टॅक्सीच घ्यावी. मद्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असल्याचा पुरावा मागितला जातो, म्हणून भारतातून गेलेल्यांनी मूळ पासपोर्ट सोबत बाळगावा.